जीएमसी सीसीकेडब्ल्यू: ब्रेक ऑइल कमी होतंय, गळती मात्र कुठेच दिसत नाही

खटारावाला

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं खपून उभा केलेला १९४३चा जीएमसी सीसीकेडब्ल्यू ३५३ एकदाचा चालायला लागलाय. दुसऱ्या महायुद्धातला अडीच टनी, सहाही चाकांना ताकद जाणारा तो ट्रक. इंजिन मूळचंच आहे, २७० घनइंची, सहा सिलिंडर, पेट्रोल. ब्रेकसुद्धा मूळ पद्धतीचेच ठेवलेत, म्हणजे हायड्रॉलिक आणि मदतीला हायड्रोव्हॅक (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ब्रेकचा जोर वाढवणारा डबा). महिन्यातून दोन-तीनदा हौस म्हणून बाहेर काढतो, एका वेळी चाळीसेक किलोमीटर.

अडचण अशी की प्रत्येक फेरीनंतर मास्टर सिलिंडरमधलं (पेडलने दाबला जाणारा, ऑइलची टाकी असलेला तो) ब्रेक ऑइल उतरलेलं असतं. आधी वाटलं, कुठेतरी एअर राहिली असेल, ती निघाली म्हणून पातळी खाली गेली. पण आता पाच फेऱ्या झाल्या. मोजून ओततोय : १५० मिली, १४०, १६०, पुन्हा १५०, १५०. गाडीखाली पुठ्ठे पसरले, थेंब नाही. सगळ्या जोडांवरून कोरडी चिंधी फिरवली, कोरडीच परत आली. पेडल वरच लागतं आणि टणक आहे. मास्टर सिलिंडरला नवीन किट टाकलं, फरक शून्य.

आता सहाही व्हील सिलिंडर (चाकातले, ब्रेक दाबणारे) बदलून टाकू का? मागे जोडटायर, म्हणजे दहा टायर उतरवायचे म्हणजे कंबरेचा भुगा होणार, म्हणून आधी विचारतोय.

दहाबाराचा पाना

बदला सहाही. ऐंशी वर्षांच्या गाडीत काय चांगलं असणार? एकदा हात काळे करा, डोक्याचा ताप संपेल. होज पण बदला, मास्टर अख्खा नवीन बसवा. मी तर नेहमी सगळंच बदलतो.

उगाच एक

दर फेरीला दीडशे मिली! कोणीतरी पितंय. रात्री पाळत ठेवा.

हळूगाडी

माझ्या जुन्या ट्रकचंही असंच होतं. मी वर्षभर ओतत ओतत चालवला. सीटखाली एक बाटली ठेवायची, दर शंभर किलोमीटरला झाकण उघडून बघायचं. काही होत नाही हो, एवढा बाऊ करू नका.

वर्कशॉपमधले अण्णा

हळूगाडी, तुम्ही वाचलात एवढंच म्हणतो. हा सल्ला दुसऱ्या कोणाला देऊ नका.

या ट्रकला ब्रेकचं एकच सर्किट आहे. आजच्या गाड्यांसारखं पुढचं वेगळं, मागचं वेगळं असं काही नाही. एक मास्टर, त्यातून एक लाइन, तीच सहाही चाकांना. मास्टरच्या टाकीतली पातळी तळाच्या भोकाखाली गेली आणि हवा शिरली की सहाच्या सहा चाकं एकदम गेली. उरला हँडब्रेक. तो बसतो प्रोपेलर शाफ्टवर, आणि तो उभी गाडी धरायला आहे, पळती गाडी थांबवायला नाही. तेव्हा खटारावाले, कारण सापडेपर्यंत ट्रक रस्त्यावर न्यायचा नाही. चाकांना ठोकळे लावून जागेवरच काय ते बघू.

आता सहा व्हील सिलिंडरांचं. दीडशे मिली म्हणजे थोडं नव्हे. एवढं ऑइल एका फेरीत ड्रममध्ये गेलं असतं तर लायनर (ड्रमला घासणारा पट्टा) भिजला असता, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली असती, टायरच्या आतल्या अंगावर ओघळ दिसला असता. तसं काही आहे का? पाच फेऱ्या, पाच वेळा, आणि कुठेच काही दिसत नाही, हे मला चाकांच्या विरोधात जाणारं वाटतं. पण बघितल्याशिवाय बोलायचं नाही. पाना, तुम्ही सगळं बदलता ते ठीक आहे, पण मग नक्की काय बिघडलं होतं हे तुम्हाला कधीच कळत नाही, आणि नव्या मालातच दोष निघाला की माणूस पार गोंधळतो.

खटारावाले, एवढं सांगा: मास्टरच्या मागची रबरी टोपी उलटून बघितली का? पुशरॉडवरून ओघळून ऑइल चेसीच्या दांड्यावर पसरतं, तिथे धूळ असली की ते शोषलं जातं आणि खाली थेंब पडत नाही. आणि झाकणापर्यंत काठोकाठ भरत तर नाही ना? तोंडापासून साधारण अर्धा इंच खाली ठेवायचं, नाहीतर हिंदकळून श्वासभोकातून बाहेर जातं.

खटारावाला

अण्णा, टोपी उलटून बघितली. आत किंचित ओलसर, पण साठलेलं नाही. पातळी अर्धा इंच खालीच ठेवतो. गाडी ओढत नाही, सरळ थांबते.

पण एक सापडलं! अगदी मागच्या अॅक्सलवर डावीकडे, आतल्या टायरच्या भिंतीवर ओघळ आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून टॉर्च घेऊन आडवा झालो तेव्हा दिसला. म्हणजे व्हील सिलिंडरच ना?

दहाबाराचा पाना

मी काय म्हणालो होतो?

परीक्षानळी

थांबा, थांबा. त्या ओघळाचा एक थेंब घेऊन पाण्यात टाका. मी मेकॅनिक नाही, प्रयोगशाळेत काम करते, पण ही गोष्ट माझ्या आवाक्यातली आहे.

आधी हे सांगा, तुम्ही कुठलं ब्रेक ऑइल वापरताय? डॉट ३ आणि डॉट ४ हे प्रकार ग्लायकॉल जातीचे, ते पाण्यात पूर्ण मिसळतात. डॉट ५ सिलिकोनचा, तो मिसळत नाही, वर तरंगतो. (डॉट ५.१ नावाने भाऊ वाटला तरी तो ग्लायकॉलच, फसू नका.) जुन्या लष्करी गाड्यांमध्ये हा प्रश्न नेहमी येतो, कारण अमेरिकी सैन्याने १९८०च्या दशकात आपल्या गाड्यांना सिलिकोन भरायला सुरुवात केली, आणि मधल्या मालकाने काय ओतलं हे कोणी लिहून ठेवत नाही. रंगावर जाऊ नका. सिलिकोन जांभळा असतो, पण तो रंग कालांतराने उडतो.

म्हणून दोन बाटल्या घ्या. एकीत मास्टरमधलं चमचाभर ऑइल आणि पाणी, दुसरीत त्या ओघळाचं थोडं आणि पाणी. झाकण लावून हलवा आणि दहा मिनिटं ठेवून बघा.

खटारावाला

केलं. मी डॉट ४ ओतत होतो, पण आधी काय होतं ते माहीत नव्हतं, त्यामुळे थोडी भीती वाटली. मास्टरमधलं पूर्ण मिसळलं, वर काही तरंगलं नाही. ओघळाचं मात्र वर चकत्या होऊन तरंगतंय. आणि वास घेतला तर नाक मुरडावं असा, जळक्या गंधकासारखा.

परीक्षानळी

मग ते तुमचं ब्रेक ऑइल नाही. तुमचं पाण्यात मिसळतं, हे मिसळत नाही. बाकी अण्णा सांगतील.

वर्कशॉपमधले अण्णा

शाब्बास. तो गंधकाचा वास म्हणजे गिअर ऑइल. तिथला हबचा सील गेलाय आणि डिफरन्शियलचं ऑइल बाहेर येतंय. सील बदलावाच लागेल, कारण तेही लायनरवर गेलं की ब्रेक घसरतो. पण तुमच्या दीडशे मिलीशी त्याचा संबंध नाही. सहाही सिलिंडर मागवले असते तर पंधरा दिवसांनी पुन्हा इथेच लिहायला आला असता.

तरीही चाकं उघडाच. ब्रेकचं काम हातात घेतलंय तर ड्रम काढून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. सूचना दोन. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, अॅक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा, हा ट्रक रिकामा असतानाच चार टनांच्या वर आहे. आणि ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

प्रत्येक सिलिंडरची रबरी टोपी बोटाने उचलून आत बघायचं. नुसता ओलसरपणा चालतो. पण टोपी उचलल्यावर थेंब ओघळला तर तो सिलिंडर कामाचा नाही.

हळूगाडी

अवांतर: सीसीकेडब्ल्यू या नावातल्या अक्षरांचा अर्थ काय असतो? मला कायम वाटायचं की ते कुठल्यातरी खात्याचं नाव असेल.

खटारावाला

@हळूगाडी, कंपनीचे संकेत आहेत. पहिला सी म्हणजे १९४१चं डिझाइन, दुसरा सी म्हणजे इंजिन पुढे आणि मागे साधी केबिन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद, डब्ल्यू म्हणजे मागचे दोन्ही अॅक्सल चालते. ३५३ हा लांब चेसीचा, १६४ इंच व्हीलबेस. आखूड तो ३५२.

खटारावाला

शनिवार-रविवार दोन्ही यातच गेले. सहाही ड्रम काढले. पाच सिलिंडर कोरडे. पुढच्या उजव्याची टोपी उचलल्यावर थोडं ऑइल ओघळलं, चार-पाच मिली असेल. बोअरला खालच्या बाजूला गंजाचे खड्डे आहेत, नख अडकतं. तो उतरवून ठेवलाय, आत बाही (स्लीव्ह) बसवून घेणार. बाकी पाच जसेच्या तसे बसवले.

पण चार-पाच मिली आणि दीडशे मिली! हिशोब काही जुळत नाही.

हायड्रोव्हॅक मी तपासलाय. इंजिन बंद ठेवून पेडल पाच मिनिटं दाबून धरलं, तसूभर खाली गेलं नाही. बाहेरून कोरडा ठणठणीत. तेव्हा तो निर्दोष.

किलकिले डोळे

मी फक्त वाचत होतो, एक विचारतो. तुम्ही मागे एका दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं ना, की उतारावरून येताना मागे पांढरा धूर येतो आणि हेड गॅस्केट गेलं असेल का? त्याचं पुढे काय झालं?

खटारावाला

हो, तो प्रश्न तसाच लोंबकळतोय. घाट उतरताना, अॅक्सिलरेटर सोडलेला असताना पांढरा धूर येतो, तळाला आल्यावर थोडं मिसिंगही होतं, मग साफ. पण रेडिएटरचं पाणी कमी होत नाही आणि इंजिन ऑइलमध्येही पाणी नाही. प्लग काढले तर चार तपकिरी, दोन वेगळेच, धुतल्यासारखे आणि त्यावर चिकट थर. वेगळा आजार आहे म्हणून वेगळा धागा काढला होता.

वर्कशॉपमधले अण्णा

वेगळा आजार नाही. एकच आहे. किलकिले डोळे, तुम्ही डोळे किलकिले ठेवून आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त बघितलंत.

खटारावाले, जरा सविस्तर लिहितो, कारण तुम्ही केलेली चाचणी बरोबर होती, पण चुकीच्या वेळी केली.

हायड्रोव्हॅकमध्ये दोन भाग जोडलेले असतात. एक मोठा पत्र्याचा डबा, त्यात मोठा पिस्टन, इथे फक्त व्हॅक्यूम आणि हवा. त्याला चिकटून लोखंडी छोटा सिलिंडर, त्यात ब्रेक ऑइल. पेडल दाबलं की डब्याच्या एका बाजूला बाहेरची हवा सोडली जाते, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम असतोच, त्यामुळे मोठा पिस्टन सरकतो आणि त्याची दांडी छोट्या सिलिंडरमधलं ऑइल जोराने चाकांकडे ढकलते. आता ही दांडी दोन खोल्यांमधल्या भिंतीतून जाते. अलीकडे ऑइल, पलीकडे व्हॅक्यूम, आणि मध्ये फक्त दांडीभोवतीच्या सीलची एक कड. तसाच दुसरा नाजूक जोड कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये, जिथे पेडलचा दाब आत येऊन व्हॉल्व्ह उघडतो. तिथलाही कप एका अंगाने ऑइलला, दुसऱ्या अंगाने व्हॅक्यूमला लागून असतो.

यातला कुठलाही सील झिजला की ऑइल बाहेर येतच नाही. आत जातं. व्हॅक्यूम पाइपमधून थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये, तिथून सिलिंडरात, जळून सायलेन्सरमधून धूर. तुम्ही गाडीखाली पुठ्ठे पसरत होता आणि ऑइल धूर होऊन मागून निघून जात होतं.

आता तुमची चाचणी का फसली. रबरी कपाची कड ऑइलच्या जोराच्या दाबाखाली पसरते आणि आणखी घट्ट बसते. म्हणून पेडल दाबून धरलंत तेव्हा तो थेंबही सोडत नव्हता. पाय उचलला, दाब उतरला, की तीच कड सैल पडते. आणि इंजिन चालू असेल तर नेमकं तेव्हाच पलीकडून व्हॅक्यूम ओढत असतो. तुम्ही इंजिन बंद ठेवलंत, म्हणजे ओढणारा काढून टाकलात, आणि पेडल दाबून ठेवलंत, म्हणजे सीलला मदत केलीत. गळतीला दोन्हीकडून रजा दिलीत. मग ती दिसणार कशी?

उतारावरच का, तेही बघा. अॅक्सिलरेटर सोडून गाडी इंजिनावर रोखून धरली की थ्रॉटल बंद, इंजिन वेगात, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम सगळ्यात जास्त. डब्याच्या तळाशी साठलेलं जे काही असेल ते तेव्हाच ओढलं जातं. म्हणून घाटात ढग.

आणि एका वेळी थोडंसंच जातं. चाळीस किलोमीटरात दोनशेदा पाय मारला धरा, तर दीडशे मिलीला दर वेळी पाऊण मिली पडतं. एवढ्याने पेडलला काही कळत नाही.

उगाच एक

म्हणजे पिणारा सापडला. आणि मला सगळे हसत होते.

दहाबाराचा पाना

अण्णा, दंडवत. पण मग हायड्रोव्हॅक बदलून टाकायचा ना सरळ?

वर्कशॉपमधले अण्णा

पाना, तुमचं औषध एकच! आधी खात्री. व्हॅक्यूमचा होज हायड्रोव्हॅककडून सोडवा आणि आत बोट घाला. ओलं लागलं तर अर्धं उत्तर मिळालं. तिथे ब्रेक ऑइलचं काही काम नाही.

परीक्षानळी

बोटापेक्षा चांगलं सुचवू का? आमच्याकडे व्हॅक्यूम पंप आणि भांडं यांच्यामध्ये नेहमी एक रिकामी बाटली लावतात, म्हणजे भांड्यातलं काही उडालं तर ते पंपात न जाता बाटलीत पडतं. इथे इंजिन हाच पंप आहे. हायड्रोव्हॅककडून येणारी नळी एका बाटलीत सोडा, बाटलीतून दुसरी नळी मॅनिफोल्डकडे. आत येणाऱ्या नळीचं टोक खाली, बाहेर जाणाऱ्याचं अगदी वर. जे जाईल ते बाटलीत साठेल आणि तुम्हाला मिलीत मोजता येईल.

बाटली मात्र जाड भिंतीची, व्हॅक्यूमसाठीचीच. घरातली पातळ काचेची बरणी चालणार नाही. चांगल्या इंजिनाचा व्हॅक्यूम मोकळ्या फिरण्यात पाऱ्याचे अठरा ते वीस इंच असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जवळपास दोन तृतीयांश. पातळ काच आत फुटते. वरून चिकटपट्टी गुंडाळा आणि चष्मा लावा. ट्रक जागेवरच.

वर्कशॉपमधले अण्णा

बाई, चाळीस वर्षं हे काम केलं, हे सुचलं नाही. आम्ही होज कापून पारदर्शक नळी घालायचो आणि डोळे लावून बसायचो. एक पुरवणी: मॅनिफोल्डकडचा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) जागच्या जागी राहू द्या, बाटली त्याच्या अलीकडे, हायड्रोव्हॅकच्या बाजूला. नळ्या मऊ घेऊ नका, चिपकतील.

आणि पुढचा उजवा सिलिंडर उतरवलेला आहे, तो बाही बसवून परत लावेपर्यंत हा उद्योग नाही. उघड्या लाइनवर पेडल मारू नका.

खटारावाला

बाही बसवलेला सिलिंडर आला, बसवला, एअर काढली. परीक्षानळी ताईंनी सांगितल्याप्रमाणे बाटली लावली (जाड भिंतीची, एका शाळेतल्या मित्राकडून मागून आणली).

मास्टरमध्ये पट्टीने पातळी मोजून ठेवली. इंजिन मोकळं फिरत ठेवलं आणि मुलाला मोजायला बसवून शंभर वेळा पेडल दाबलं आणि सोडलं. पहिल्या वीसेकात काही नाही. मग नळीच्या टोकाला एक थेंब लोंबला, पडला. नंतर दर दोन-तीन दाबांना एक बारीक ओघळ. शंभर झाले तेव्हा बाटलीत ५५ मिली. मास्टरमधली पातळीही त्याच मापाने उतरलेली, थोडी जास्तच. बाकीचं होजच्या भिंतींना असणार.

पाण्यात टाकून बघितलं. पूर्ण मिसळलं.

मुलाने विचारलं, बाबा, तुम्ही रडताय का? धूर डोळ्यात गेला होता.

किलकिले डोळे

+१. बाटलीचा फोटो टाका की.

हळूगाडी

माझ्या ट्रकलाही धूर येतो. मी गप्प बसतो आता आणि उद्या होज काढून बघतो.

वर्कशॉपमधले अण्णा

हळूगाडी, बघा आणि इथे लिहा.

खटारावाले, आता हायड्रोव्हॅक खाली उतरवा. उघडण्याआधी डब्यावर आणि दोन्ही टोकांच्या झाकणांवर छिन्नीने नव्हे, खडूने खूण करा, फिरून बसला तर पाइप जुळत नाहीत. आत स्प्रिंग जोरदार आहे, बोल्ट सुटे करताना दोन लांब बोल्ट समोरासमोर शेवटपर्यंत ठेवा आणि हळूहळू सोडा.

किट टाकण्याआधी दांडी तपासा. लोक इथेच चुकतात. सील झिजला म्हणून सील बदलतात, पण सील झिजला का ते बघत नाहीत. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत दांडीचा जो भाग सीलपाशी थांबलेला असतो तिथे ओलाव्याने गंजाचे टिपके पडतात. अशा दांडीवर नवीन सील म्हणजे किसणीवर रबर घासणं. दोन महिन्यांत पुन्हा बाटली भराल.

आणि किट कितीही "मूळ कंपनीचं, न वापरलेलं" असलं तरी रबर दाबून बघा. पन्नास-साठ वर्षं डब्यात पडलेलं रबर वापरलेलं नसतं, पण म्हातारं झालेलं असतंच.

धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल काही नाही. ब्रेकच्या रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं. स्पिरिटने धुवा, वाळवा, आणि कप बसवताना ताज्या ब्रेक ऑइलचा हात फिरवा. ग्रीस नाही.

खटारावाला

उघडला. डब्यात दोन बोटं ऑइल साठलेलं. मोठ्या पिस्टनचं चामडं भिजून लिबलिबीत झालंय. दांडीवर अगदी तुम्ही सांगितलेल्या ठिकाणी काळे टिपके, नखाला लागतात. सीलची कड एका बाजूला कापल्यासारखी. कंट्रोल व्हॉल्व्हचा कप मात्र चांगला दिसतोय, तरी किटमध्ये आहे तर बदलतोय.

दांडी घासून पॉलिश केली तर?

वर्कशॉपमधले अण्णा

नखाला खड्डा लागत असेल तर पॉलिशने भागत नाही. खड्डा जाईपर्यंत घासली तर दांडी बारीक होईल आणि सील सैल बसेल. एक तर चांगली दांडी मिळवा, नाहीतर हार्ड क्रोम चढवून मापात ग्राइंड करून घ्या. चामडं नवीन घाला, भिजलेलं वाळवून पुन्हा वापरायचं नाही. आणि मॅनिफोल्डपर्यंतचा व्हॅक्यूम होज फेकून द्या, आतून फुगलेला असणार.

परीक्षानळी

साठलेलं ऑइल चुकूनही परत मास्टरमध्ये ओतू नका. ग्लायकॉल हवेतला ओलावा ओढून घेतो. ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शिरल्यावरची किमान मर्यादा १५५ धरलेली आहे. डब्यातलं तर महिनोन्महिने हवा खात पडलेलं. आणि रंगावर सांडू नका, रंग उचलला जाईल.

खटारावाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. दांडी क्रोम करून घेतली, सगळे कप आणि सील नवे, चामडं नवं, होज नवा. एअर काढताना इंजिन बंद ठेवलं, दोन-चारदा पेडल मारून उरलेला व्हॅक्यूम संपवला, मग आधी हायड्रोव्हॅकचे स्क्रू, नंतर लांबच्या चाकापासून जवळच्याकडे. जुनं सगळं ऑइल बाहेर काढलं.

पण नवीनच झंझट. जागेवर वीसेक वेळा ब्रेक मारला आणि चाकं फिरवायला गेलो तर जाम. सहाही! अर्ध्या तासाने आपोआप सुटली.

वर्कशॉपमधले अण्णा

पेडलला प्ले (मोकळी हालचाल) किती ठेवलाय? किट टाकताना पुशरॉड खोललात ना तुम्ही?

चाकं जाम असताना एका चाकाचा ब्लीडर (एअर काढायचा स्क्रू) किंचित उघडा. ऑइल उडालं आणि चाकं मोकळी झाली तर दाब लाइनमध्ये अडकलाय. मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नसेल तर परतीचं बारीक भोक कपाखाली झाकलेलं राहतं, ऑइलला टाकीत परत जायला वाट उरत नाही.

खटारावाला

ब्लीडर उघडला, चिळकांडी उडाली, चाकं मोकळी. पेडलला प्ले शून्य होता. किट टाकताना रॉड लांब करून ठेवला होता मीच, पेडल उंच लागावं म्हणून. आता वरच्या टोकाला अर्धा इंच मोकळं ठेवलंय. जाम होत नाही.

म्हणजे ते उंच, टणक पेडल बघून मी जो खूश होतो...

वर्कशॉपमधले अण्णा

बरं झालं रस्त्यावर नेला नव्हता. ड्रम लाल झाले असते.

हळूगाडी

माझा होज काढला. ओला. ट्रक ठोकळे लावून उभा केलाय. सीटखालची बाटली घरात आणली.

खटारावाला

काल पुन्हा बाटली लावून शंभर दाब मोजले. बाटली कोरडी. तळाला पांढरा कागद ठेवून बघितला, एक डागही नाही. आज सकाळी रिकाम्या पटांगणात तासभर चालवून, थांबवून बघितला, मग तोच घाट सावकाश उतरलो. धूर नाही, मिसिंग नाही. घरी येऊन पट्टी घातली, पातळी होती तिथेच. प्लग सहाही एका रंगाचे.

तो डावीकडचा हबचा सील अजून बाकी आहे. उद्या टायर उतरवतो. अण्णा, तिथला नट सोडवायला मोठा पाना नाहीये माझ्याकडे, छिन्नी-हातोडीने चालेल का?

वर्कशॉपमधले अण्णा

नाही.